क्रॉलर कलंडतोय? आधी बॉडीचं वजन करा

आडव्या उतारावर क्रॉलर (खडकांवर चढणारी रिमोटवरची छोटी गाडी) कलंडायला लागला की बहुतेक जण थेट खालच्या भागात पितळी वजनं बसवायला घेतात. त्याआधी बॉडी उतरवून डिजिटल काट्यावर ठेवा, कॅरियर, लाइट बार, सीटा, स्टेपनी सगळ्यासकट. १/१० मापाची एबीएसची (कडक प्लास्टिकची) हार्ड बॉडी अशी सजवलेली असली तर ८००-९०० ग्रॅम सहज भरते. रंगवलेली लेक्सानची (पातळ, पारदर्शक पॉलिकार्बोनेटची) बॉडी साधारण २००-३०० ग्रॅममध्ये बसते.

आता हिशेब. चाकांसकट चासी २.१ किलो आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ मिमीवर आहे, असं धरा. वर ९०० ग्रॅमची बॉडी, तिचा मध्य १७० मिमीवर. अख्ख्या गाडीचा गुरुत्वमध्य १०३ मिमीच्या आसपास जातो. त्याच उंचीवर ३०० ग्रॅमची बॉडी चढवली तर तो ८७ मिमीवर येतो. डाव्या-उजव्या टायरच्या मध्यांत २०० मिमी अंतर असेल तर कलंडण्याचा कोन ४४ वरून ४९ अंशांवर जातो. प्रत्यक्षात शॉक आणि टायर दबतात, त्यामुळे दोन्ही आकडे थोडे कमीच येतील. तरी फरक बराच आहे.

बॉडी निवडताना व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जुळवा आणि मग छताकडे बघा. लांब छताच्या स्टेशन वॅगनपेक्षा छोटी केबिन आणि उघडा हौदा असलेला पिकअप केव्हाही बरा. लेक्सान ०.७५ किंवा १ मिमी जाडीचं मिळतं. पातळ बॉडी हलकी, पण पोस्टच्या (बॉडी ज्या खुंट्यांवर बसते त्यांच्या) भोकांपाशी लवकर फाटते. तिथे आतून फायबरची जाळीपट्टी लवचिक गोंदाने चिकटवा. आणि वाचलेलं वजन पुन्हा छतावर कॅरियर लावून घालवू नका!

रंग पॉलिकार्बोनेटचाच, आतल्या बाजूने, साबणाने धुतल्यावर, पातळ थरांत. चाकांच्या कमानी कापताना आतल्या कोपऱ्यात आधी गोल भोक पाडा, नाहीतर चीर तिथूनच पुढे जाते. ओलं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) लेक्सानला लागू देऊ नका, तडे जातात. बॉडी जमेल तितकी खाली बसवा, मात्र एक चाक पूर्ण वर दाबून, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून टायर घासत नाही ना ते बघा.

इथे हमखास फसगत होते ती स्प्रिंगची. वरचा भार गेला की तीच स्प्रिंग चासीला उचलून धरते, आणि कमावलेले मिलिमीटर परत जातात. प्रीलोडची रिंग (शॉकवरची, स्प्रिंग दाबून धरणारी) सैल करा. तेवढ्याने भागलं नाही तर मऊ स्प्रिंग घाला. चासीची उंची पूर्वीइतकी किंवा ३-५ मिमी कमी हवी.

शेवटी बॅटरी लावून गाडी फळीवर चाकांवर उभी, एका कडेला समांतर ठेवा आणि फळीची तीच कड हळूहळू उचला. खालच्या टायरना टेकून पातळ पट्टी ठोका, नाहीतर कलंडायच्या आधी गाडी घसरेल. वरची चाकं सुटतात तो कोन मोबाइलवर मोजा, मग गाडी फिरवून दुसरी बाजू. दोन्हींत दोन-तीन अंशांचा फरक आला तर वजन एका बाजूला जास्त आहे असं समजा: कमी कोनाच्या चाचणीत जी बाजू खाली होती, तिकडून बॅटरी थोडी दुसरीकडे सरकवा.