नागपुरी दोस्तीचं नाटक बसवताना

"तू माझा जिगरी दोस्त आहेस" असली वाक्यं संहितेत असतील तर पहिल्या वाचनालाच पेन्सिलीने खोडा. दोस्ती बोलून दाखवली की प्रेक्षक घड्याळाकडे पाहतो. पोरांच्या हातांना काही तरी द्या: पंक्चर झालेली सायकल, नाही तर दोघांत एकच प्लेट तर्री पोहे.

प्लेट घेणार असाल तर पोहे मऊ आणि घास छोटा. घास वाक्य संपल्यावर घ्यायचा, आधी घेतला तर दाणा घशात अडकतो आणि पुढची दोन वाक्यं खोकल्यात जातात.

भाषा नागपूरचीच ठेवा. "काय करून राहिला बे?" हे पुणेरी करून बोललं की सगळंच खोटं वाटतं. पण प्रत्येक वाक्याला 'बे' लावला तर चौथ्या वेळेपासून कोणी हसत नाही. पानाला दोनदा पुरे. भांडणाच्या प्रवेशात तो काढूनच टाका. इतका वेळ 'बे' म्हणणारा पोरगा अचानक दोस्ताला पूर्ण नावाने हाक मारतो, तेव्हा काय तुटलं ते शेवटच्या रांगेलाही कळतं.

70 मिनिटांच्या नाटकाला 40 दिवस धरा, रोज अडीच तास. पहिले 8 दिवस नुसतं वाचन. 20व्या दिवशी संहिता हातातून सुटलीच पाहिजे. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा तालीम सकाळी सातला लावा. दुपारी कूलरच्या घरघरीवर मात करायला पोरं ओरडायला लागतात, मग कुजबुजही त्याच पट्टीत येते. ही सवय प्रयोगापर्यंत सुटत नाही. शांत प्रवेश कूलर बंद करूनच करा, घाम आला तरी.

भांडणानंतरचा पॉज नवे नट दोन आकड्यांत उरकतात. मनात सहापर्यंत मोजायला लावा आणि तेवढ्यात एक काम द्या, दप्तराची चेन लावणं वगैरे. प्रकाशाचा क्यू, म्हणजे प्रकाश बदलायची खूण, त्या चेनवर बांधा. शेवटच्या शब्दावर बांधलात की लाइटवाला पॉजच कापतो.

लेखकाची परवानगी आणि संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र ही कामं तालमी सुरू होतानाच हाती घ्या. चार-पाच पात्रांच्या नाटकाला रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह फार मोठं पडतं. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सोसायटीचं सभागृह बघा. जे ठरेल त्याच्या रंगमंचाचं माप आणून तालमीच्या फरशीवर चिकटपट्टीने आखा. नाही तर प्रयोगात नट विंगेला धडकतात.

रंगीत तालमीला पोहे खरे, तर्रीसकट ठेवा. तेल सांडतंच, आणि त्यावर पुढच्या प्रवेशात धावत येणारा घसरतो. डाव्या विंगेत ओलं आणि कोरडं अशी दोन फडकी, आणि ती कोण मारणार त्याचं नाव कागदावर.