जुन्या व्हॉल्व्ह पीए अ‍ॅम्पचा गिटार अ‍ॅम्प करताना या चुका टाळा

गावोगावच्या लाऊडस्पीकरवाल्यांच्या माळ्यावर अजूनही एखादा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा, पीए (सभेत बोलणं मोठं करून ऐकवणारा) अ‍ॅम्प धूळ खात पडलेला सापडतो. वर जाळीचं झाकण, पुढे ‘माइक १’, ‘माइक २’, ‘ग्रामोफोन’ अशी बटणं, मागे कर्ण्यांच्या तारा अडकवायला स्क्रूंची पट्टी. लग्नं, गणपती, प्रचारसभा यांत वर्षानुवर्षं राबून झाल्यावर ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प आले आणि हा अडगळीत गेला. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात चिकाटीने फिरलं तर तो हाती लागतो. झाकण काढून आत पाहिलं की गिटारवाल्याचे डोळे चमकतात, कारण ईसीसी ८३ हा छोटा व्हॉल्व्ह, ईएल ३४ किंवा ६एल६ हे आऊटपुटचे मोठे व्हॉल्व्ह आणि दोन वजनदार ट्रान्सफॉर्मर हा सगळा ऐवज मार्शल आणि फेंडरच्या अ‍ॅम्पमध्येही असतो. अमेरिकेतले ब्लूज माउथ ऑर्गन वाजवणारे तर मास्को कंपनीचे जुने पीए अ‍ॅम्प मुद्दाम शोधून घेतात.

पण हा अ‍ॅम्प माणसाचं बोलणं लांबवर, स्वच्छ ऐकू जावं म्हणून बांधलेला आहे. त्याचं हे मूळ काम विसरलं की खालच्या चुका होतात. मी स्वतः यातल्या काही केल्या आहेत आणि पहिली चूक मात्र कुणीही करू नये असं मला मनापासून वाटतं.

दोन पिनांची वायर तशीच ठेवणं

जुन्या अ‍ॅम्पला बहुतेक वेळा दोनच तारांची वायर असते. अर्थिंग नाही. शिवाय मेन्सच्या एका तारेपासून चॅसीपर्यंत (पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत) एक छोटा कंडेन्सर जोडलेला असतो, साधारण ०.०५ मायक्रोफॅरडचा. हम (मेन्सची गुणगुण) कमी व्हावी म्हणून तो घालत. पिन उलटी बसली आणि तो कंडेन्सर फेजवर आला, की २३० व्होल्टला चॅसीवरून साडेतीन मिलिअँपिअरच्या आसपास करंट तुमच्या अंगातून जाऊ शकतो. झिणझिण्या येतात. तो कंडेन्सर शॉर्ट झाला तर चॅसीवर थेट फेज येते.

सभेत माणूस माइकसमोर उभा राही आणि अ‍ॅम्प ऑपरेटरच्या टेबलावर असे. गिटारचं तसं नाही. केबलची जाळी गिटारच्या ब्रिजला, ब्रिजवरून तारांना, आणि दुसऱ्या टोकाला अ‍ॅम्पच्या चॅसीला जोडलेली असते. म्हणजे तुमच्या बोटांखालच्या तारा हीच चॅसी. त्यात गाण्यासाठी ओठ दुसऱ्या सिस्टिमच्या माइकला लागले की सर्किट तुमच्या अंगातून पुरं होतं. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी मंचावरच अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने गेला. हे वाचून घाबरू नका, पण विसरूही नका.

तेव्हा सगळ्यात आधी तो कंडेन्सर कापून टाका. तीन तारांची नवी वायर घाला. हिरवी तार ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली दाबू नका, तिच्यासाठी चॅसीला वेगळं भोक पाडा, रंग खरवडून उघडं पत्र्याचं अंग काढा आणि दातेरी वॉशर घालून नट आवळा. फ्यूज आणि स्विच दोन्ही फेजच्या तारेत हवेत. मग घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का तेही तपासा. कित्येक जुन्या इमारतींत तीन भोकांचं सॉकेट असतं, मागे तार दोनच असतात.

आणि आत पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसेल, मेन्स सरळ सर्किटमध्ये जात असेल, तर तो अ‍ॅम्प गिटारसाठी घेऊच नका.

आणल्या आणल्या बटण दाबणं

तीस-चाळीस वर्षं बंद पडलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकलेले असतात. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की ते शॉर्ट होतात, कधी फुटतात, आणि जाताना पॉवर ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात. तो पुन्हा गुंडाळून घेण्याच्या खर्चात दुसरा अ‍ॅम्प येईल.

रेडिओ मेकॅनिककडे असायचा तसा सिरीज बोर्ड करून घ्या, ६० किंवा १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब, एलईडी चालत नाही. सगळे व्हॉल्व्ह काढा, बल्बमधून मेन्स द्या. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ट्रान्सफॉर्मर बहुधा ठीक. भगभगत राहिला तर बहुधा गुंडाळी गेली. मग हाय व्होल्टेज चालू करण्याआधी फिल्टरचे कंडेन्सर, म्हणजे ते इलेक्ट्रोलिटिक, सरसकट बदला. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) डायोडचा असेल तर आऊटपुट व्हॉल्व्ह काढलेले असताना व्होल्टेज चढतं: ३२५ व्होल्टच्या वाइंडिंगमधून बिनलोडचे ४६० व्होल्ट निघतात. तिथे ४५० व्होल्टचा कंडेन्सर पुरत नाही, ५०० चा घाला.

आत हात घालण्याआधी दरवेळी चार्ज उतरवा. १० किलो-ओम, १० वॅटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना मगरी क्लिप. एक क्लिप चॅसीला, दुसरी कंडेन्सरच्या प्लसला, दहा-पंधरा सेकंद. नंतर मीटर लावून खात्री करा. प्लग काढला म्हणजे वीज गेली हा समज चारशे व्होल्टच्या कंडेन्सरला लागू नाही.

लाल झालेल्या व्हॉल्व्हऐवजी नवे व्हॉल्व्ह घालत राहणं

ही चूक माझी. एका अ‍ॅम्पमधले ईएल ३४ पाच मिनिटांत तापायचे. खोलीतला दिवा घालवून पाहिलं तर एका व्हॉल्व्हच्या काळ्या प्लेटवर शिवणीशेजारी मळकट लाल डाग उमटत होता, बघता बघता तो नारिंगी होऊन पसरला. मी व्हॉल्व्ह खराब म्हणून नवा घातला. तोही तसाच झाला. मग तिसरा. पैसे गेले ते गेले, पण दोष व्हॉल्व्हमध्ये नव्हताच.

दोष होता आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणाऱ्या मेणकागदी कंडेन्सरमध्ये. त्याने सिग्नल पुढे सोडायचा आणि डीसी अडवायचा असतो. जुना कागदी कंडेन्सर डीसी झिरपू देतो, ग्रिडवर (व्हॉल्व्हमधला करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीवर) प्लस व्होल्टेज येतं आणि व्हॉल्व्ह सताड उघडतो. तपासायला दोनच मिनिटं लागतात. आऊटपुट व्हॉल्व्ह काढा, अ‍ॅम्प चालू करा आणि सॉकेटच्या ग्रिडच्या पिनेवर व्होल्टेज मोजा. ईएल ३४ आणि ६एल६ ला ती पाचवी पिन, ईएल ८४ ला दुसरी. बायस म्हणजे व्हॉल्व्हचा करंट ठरवणारं, कॅथोडच्या तुलनेतलं ग्रिडचं मायनस व्होल्टेज. कॅथोड बायस असेल तर शून्य यायला हवं. फिक्स्ड बायस असेल तर दोन्ही सॉकेटवर सारखंच मायनस व्होल्टेज. एका बाजूला एखादा व्होल्टही प्लसकडे झुकलेला दिसला तर कंडेन्सर गेला. मी तर आता मेणाचे, कागदी सगळे कंडेन्सर न तपासता बदलतो, ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन घालतो.

दोन्ही बाजूंचं मायनस व्होल्टेज कमी पडत असेल तर बायसचा रेक्टिफायर पाहा. जुन्यात सेलेनियमच्या चकत्या असतात आणि त्या म्हाताऱ्या होतात. तिथे १एन४००७ डायोड घाला, पण त्याने बायस वाढतो हे धरून पुन्हा मोजणी करा.

६एल६ च्या जागी ईएल ३४ ढकलणंही असंच नडतं. सॉकेट एकच, पण हीटरचा (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेचा) करंट ०.९ ऐवजी दीड अँपिअर, आणि ईएल ३४ ची पहिली पिन आठव्या पिनेला जोडावी लागते. काही अ‍ॅम्पमध्ये ती पहिली पिन कारागिराने तारा अडकवायला वापरलेली असते, तिथे भलतंच व्होल्टेज सापडतं.

१०० व्होल्टच्या लाइनला गिटारचा स्पीकर जोडणं

मागच्या पट्टीवर बहुधा ४, ८, १६ ओम आणि शेजारी १०० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. अमेरिकन अ‍ॅम्पवर ७० व्होल्ट. हे मेन्सचे व्होल्ट नव्हेत. लांबवर पसरलेल्या कर्ण्यांना पातळ तारेतून आवाज पोचावा म्हणून आऊटपुट उच्च व्होल्टेजवर नेतात आणि प्रत्येक कर्ण्याशेजारी छोटा ट्रान्सफॉर्मर ते उतरवतो. ३० वॅटच्या अ‍ॅम्पला १०० व्होल्टच्या टोकावर साधारण ३३३ ओमचा लोड हवा असतो. तिथे ८ ओमचा स्पीकर जोडला तर व्हॉल्व्हला जवळजवळ शॉर्टच दिसतो. आवाज बारीक, कळकट येतो, आणि लोक म्हणतात अ‍ॅम्पच वाईट आहे.

अक्षरं पुसली गेली असतील तर अंदाजाने जोडू नका. अ‍ॅम्प बंद, मेन्स काढलेला, चार्ज उतरवलेला, आऊटपुट व्हॉल्व्ह बाहेर. वेगळ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून ६.३ व्होल्ट एसी आऊटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन प्लेटच्या तारांमध्ये द्या आणि पट्टीवर एकेका जोडीत किती येतात ते मोजा. समजा एका जोडीवर ०.२२ व्होल्ट आले. ६.३ भागिले ०.२२ म्हणजे २८.६, त्याचा वर्ग ८२०. तिथे ८ ओमचा स्पीकर जोडला तर व्हॉल्व्हना सुमारे ६५६० ओम दिसतील. दोन ६एल६ ना ते छान मानवतं. उलट बाजूने, म्हणजे स्पीकरच्या टोकांना ६.३ व्होल्ट देऊ नका, प्लेटच्या तारांवर दीड-दोनशे व्होल्ट उभे राहतील.

स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजवणं ही याचीच बहीण. लोड नसला की प्राइमरीवर (प्लेटच्या बाजूच्या गुंडाळीवर) व्होल्टेजचे उंच झटके उठतात, सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडते, गुंडाळीचं इन्सुलेशन जळतं. स्पीकरचा जॅक असा घ्या की प्लग नसताना तो शॉर्ट होईल.

माइकचं इनपुट जसंच्या तसं वापरणं

माइकच्या सॉकेटमागे कधी इनपुट ट्रान्सफॉर्मर असतो, लो-इम्पीडन्स माइकसाठी. गिटारचा पिकअप तिथे गुदमरतो, वरचे सूर जातात. कधी पहिल्या व्हॉल्व्हचा कॅथोड सरळ चॅसीला जोडून ग्रिडवर ५-१० मेगओमचा रेझिस्टर दिलेला असतो. माइकच्या नाजूक सिग्नलला ते चालतं, पण गिटारवर जोरात स्ट्रम केलं की तो टप्पा घुसमटतो आणि सावरायला वेळ घेतो. ग्रामोफोनचं इनपुट तर एक टप्पा गाळून पुढे जातं, तिथे गिटार अगदीच हळू वाजते.

इथेच खरं काम करा, आणि ते सोपं आहे. जॅकपासून ग्रिडपर्यंत ६८ किलो-ओम, ग्रिडपासून चॅसीला १ मेगओम, कॅथोडला दीड किलो-ओम आणि त्यावर २२ मायक्रोफॅरड, प्लेटला १०० किलो-ओम. हाच टप्पा फेंडरच्या कित्येक अ‍ॅम्पमध्ये आहे. ६८ किलो-ओमचा रेझिस्टर जॅकवर न लावता ग्रिडच्या पिनेला चिकटवून लावा, नाहीतर आकाशवाणी ऐकू येईल.

सगळं उपटून टाकणं

इंटरनेटवरून एखादं सर्किट घ्यायचं आणि जुनी सगळी वायरिंग कापायची, हा मोह मोठा असतो. मला हे पटत नाही. इनपुट बदलून, स्पीकर जोडून आधी आठवडाभर वाजवा. या अ‍ॅम्पचे टोन कंट्रोल मधले सूर खात नाहीत, त्यामुळे बँडमध्ये गिटार चांगली उठून येते.

मग एकेक बदल करा. खालचे सूर फसफशीत वाटले तर पहिल्या कॅथोडवरचा २२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून एक-दोन मायक्रोफॅरडचा लावा. गिटारचा सर्वांत खालचा ई ८२ हर्ट्झचा आहे, त्याखाली सांभाळण्यासारखं फारसं काही नाही. आवाज फुटताना एकदम करकरीत फुटत असेल तर निगेटिव्ह फीडबॅक (आऊटपुटचा थोडा सिग्नल उलटा करून मागच्या टप्प्यात परत देणं) जास्त आहे. पीए अ‍ॅम्पमध्ये तो स्वच्छपणासाठी भरपूर देतात. फीडबॅकचा रेझिस्टर दुप्पट करून ऐका. आऊटपुट ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर अ‍ॅम्प किंचाळायला लागला तर फीडबॅक उलटा झालाय, प्लेटच्या दोन तारा अदलाबदल करा.

हम नेमकी कुठून येते ते न ऐकता उपाय करणं

आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झचा. गिटार सुरात लावा आणि सहाव्या तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा जी वाजवा, तो ९८ हर्ट्झचा आहे. हम त्याच सुरात असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे फिल्टरचे कंडेन्सर अपुरे. एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झची: हीटरच्या तारा किंवा अर्थचा लूप (अर्थ दोन वाटांनी जोडला गेल्याने झालेलं वर्तुळ). हीटरच्या तारा घट्ट पिळा आणि ट्रान्सफॉर्मरच्या त्या वाइंडिंगला मधलं टोक नसेल तर दोन्ही तारांपासून चॅसीला शंभर-शंभर ओमचा रेझिस्टर द्या. जुन्या अ‍ॅम्पमध्ये हीटरची एक बाजू चॅसीलाच टेकवलेली असते, ती आधी सोडवा.

जागा सापडत नसेल तर पुढच्या बाजूने प्रीअ‍ॅम्पचा एकेक व्हॉल्व्ह काढत जा. ज्याच्या जाण्याने हम थांबली, तो किंवा त्याच्या आधीचा टप्पा दोषी.

स्पीकरबद्दल थोडंच: कर्णा गिटारला चालत नाही, हाय-फायचा वूफरही नाही. १० किंवा १२ इंची गिटारचा स्पीकर घ्या, आणि ३० वॅटच्या अ‍ॅम्पला ३० वॅटचा घेऊ नका. पीएवर लिहिलेले वॅट स्वच्छ आवाजाचे असतात, फुटल्यावर तो बरंच जास्त देतो. साठ वॅटचा निर्धास्त राहील.

सगळं जुळल्यावर तासभर वाजवा आणि गरम असतानाच बायस पुन्हा मोजा. कॅथोडला १ ओमचा रेझिस्टर घातला की एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. ईएल ३४ ची मर्यादा २५ वॅट, त्याच्या सत्तर टक्के म्हणजे साडेसतरा, प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर ४३ मिलिअँपिअर. व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा, म्हणजे स्क्रीनचा, करंटही त्या आकड्यात मिसळलेला असतो, म्हणून मी चाळीसला थांबतो. जुन्या ६एल६ ची मर्यादा १९ वॅट आणि ६एल६जीसी ची ३०, तेव्हा काचेवर काय छापलंय ते नीट वाचून मगच हिशेब करा.