मनात घट्ट बसलेली समजूत एनएलपीने सैल कशी करायची

‘मीटिंगमध्ये आपण गप्प बसलेलं बरं, आपलं इंग्रजी कच्चं आहे.’ मराठी माध्यमातून शिकून बीकेसी नाहीतर लोअर परळच्या ऑफिसात पोचलेल्या अनेकांच्या डोक्यात हे वाक्य पडून असतं. एरवी ते आठवतही नाही, पण मॅनेजरने टेबलाभोवती नजर फिरवली की मान आपोआप वहीत जाते. न्यूरो लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे एनएलपी, ज्याला खोडा घालणारी समजूत (‘लिमिटिंग बिलीफ’) मानतं ती हीच. पुढे सगळीकडे हेच उदाहरण घेतलं आहे. तुमचं वाक्य वेगळं असेल, पायऱ्या त्याच.

एनएलपीचा उगम १९७० च्या दशकातला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ इथल्या शाखेत रिचर्ड बँडलर हा विद्यार्थी आणि जॉन ग्राइंडर हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सटीर आणि मिल्टन एरिक्सन हे नावाजलेले उपचारक रुग्णांशी नेमकं कसं बोलतात, याचा बारीक अभ्यास करून दोघांनी त्यातून तंत्रं काढली. त्यांच्या मते समजूत मनात तीन गोष्टींनी टिकते: शब्द, चित्र आणि शरीरातली भावना. यातलं काहीतरी हलवलं की बाकीचंही हलतं. अशी समजूत ‘सुप्त मनात’ असते, असं एनएलपीवाले म्हणतात. सुप्त मन म्हणजे इथे फ्रॉइडच्या दडपलेल्या इच्छा नव्हेत. आत्ता ज्याकडे लक्ष नाही पण जे आपोआप चालू आहे, ते सगळं.

यातला एक भाग आमच्या मते खरोखर कामाचा आहे, एक ठीकठाक आणि एक निव्वळ दिखाऊ. खुर्चीत डोळे मिटून केलेल्या व्यायामाने भीती थोडी उतरते. समजूत बदलते ती त्यानंतर केलेल्या छोट्या कृतीने. कृती राहून गेली की दोन दिवसांत सगळं पूर्ववत होतं, आणि मग लोक म्हणतात एनएलपी चालत नाही.

वाक्य पकडणं

कागद-पेन घ्या. मोबाइलवर लिहिताना हात आपोआप वाक्य सुधारत जातो, आणि इथे सुधारलेलं वाक्य नको आहे. मागच्या आठवड्यात ठरवून टाळलेली एक गोष्ट निवडा आणि ‘मी हे केलं नाही, कारण…’ हे वाक्य सात-आठ वेळा पूर्ण करा. सुरुवातीला सबबी येतील: वेळ नव्हता, लोकल लेट होती, विषय माझा नव्हता. लिहीत राहिलं की मध्येच एक वाक्य असं येतं की छातीत किंवा पोटात काहीतरी हलतं. तेच आपलं. ते घरच्या बोलीत, जसं आलं तसं लिहून ठेवा. ‘मला संवादकौशल्यांचा अभाव जाणवतो’ असं लिहिलंत तर अजून सापडलेलं नाही.

ते वाक्य समजूत आहे की साधा हिशेब, हेही बघून घ्या. ‘या पगारात दादरला घर परवडत नाही’ हा हिशेब आहे, आणि कितीही डोळे मिटले तरी भाडं उतरत नाही. प्रत्येक अडचणीला ‘माइंडसेट’ म्हणणारे ट्रेनर इथेच गफलत करतात. आपल्या उदाहरणातही थोडा हिशेब आहे: इंग्रजीचा सराव खरंच कमी असू शकतो. तो भाग सरावानेच भरून निघेल. ‘म्हणून गप्प बसलेलं बरं’ हा जोड मात्र समजुतीचा.

एनएलपीत समजुतींवर सर्वाधिक काम केलेले रॉबर्ट डिल्ट्स त्यांचे तीन प्रकार करतात. ‘हे होऊच शकत नाही’, ‘होतं, पण मला जमत नाही’, आणि ‘माझी तेवढी लायकी नाही’. पहिल्याला दुसऱ्या कुणाचं तरी उदाहरण लागतं, दुसऱ्याला शिकवणी आणि सराव. तिसरा सगळ्यात चिवट. तो बहुधा लहानपणापासूनचा असतो आणि एकट्याने उकरण्यासारखा नसतो. आपलं वाक्य दुसऱ्या प्रकारातलं आहे.

प्रश्नांनी वाक्य उसवणं

हा सर्वांत कामाचा भाग. एनएलपीत याला मेटा मॉडेल म्हणतात. बोलताना माणूस तीन गोष्टी करतो: माहिती गाळतो, एकावरून सगळ्यांना ठरवतो, आणि दोन गोष्टींचा नसलेला संबंध जोडतो. प्रत्येकावर प्रश्न ठरलेला आहे.

‘आपलं इंग्रजी कच्चं आहे’ या वाक्यात बरंच गाळलेलं आहे. कच्चं म्हणजे नेमकं काय, उच्चार, व्याकरण की ऐन वेळी शब्द न सुचणं? कुणाच्या तुलनेत? ईमेल लिहिताना कच्चं आहे का? क्लायंटच्या कॉलवर? बहुतेकांचं उत्तर शेवटी ‘अचानक विचारलं तर पहिलं वाक्य सुचत नाही’ इतक्यावर येतं. एवढ्याशा गोष्टीवर काम करता येतं.

सरसकट विधानांत नेहमी, कधीच, सगळे, लोक हे शब्द येतात. ‘लोक हसतील’ यावर विचारा: कोणते लोक? नावं लिहा. यादी सहसा दोन-तीन नावांत आटोपते, आणि त्यातलं एखादं नाव शाळेतल्या जुन्या शिक्षकांचं निघतं, जे या मीटिंगला येणार नसतात. ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्यही असंच. मुंबईत ते एखादा पिढीजात दागिना असल्यासारखं पुढच्या पिढीच्या हाती दिलं जातं, पण ‘कोणत्या मराठी माणसाला, कोणता धंदा, किती भांडवलात’ असं विचारलं की एका काकांचं बुडालेलं दुकान उरतं.

जोडलेल्या संबंधावर विचारायचं: अडखळलो म्हणजे मूर्ख ठरलो, हे कसं? अडखळूनही ज्यांचं म्हणणं तुम्ही ऐकून घेता असं कुणी आहे का? ऑफिसात एखादा तमिळ किंवा जपानी सहकारी असेल तर हे उत्तर पटकन मिळतं.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, ‘का’ विचारणं. ‘का’ विचारलं की मन समजुतीच्या बाजूने वकिली करू लागतं. ‘काय, कसं, नक्की कधी, कोण’ एवढेच प्रश्न वापरा. दुसरी, हे प्रश्न बायकोवर किंवा नवऱ्यावर चालवणं. दमून आलेल्या माणसाला ‘नेहमी म्हणजे नक्की कधी?’ असं विचारलं तर भांडण होईल. ते प्रश्न स्वतःच्या वाक्यासाठी आहेत.

मग एक प्रश्न उलट्या बाजूचा: ही समजूत मला कशापासून वाचवते? गप्प बसल्याने हसं होत नाही, जास्तीचं कामही गळ्यात पडत नाही. हा फायदा दुसऱ्या वाटेने मिळण्याची सोय केली नाही तर समजूत जागेवर परत येते. ‘बोलेन, पण नवीन जबाबदारीवर तिथल्या तिथे हो म्हणणार नाही’ एवढं ठरवलं तरी पुरतं.

चित्र बदलणं: स्विश

वीस मिनिटं शांतता लागते. दोन खोल्यांच्या घरात ती मिळत नसेल तर इमारतीची गच्ची किंवा सकाळचा शिवाजी पार्कचा कट्टा चालतो. लोकलमध्ये हे करू नका.

आधी ठिणगीचं चित्र शोधा: गप्प बसण्याच्या अगदी आधी डोळ्यांना जे दिसतं ते. लांब टेबल, मॅनेजरची मान तुमच्याकडे वळतेय, कपाळावरची भुवई वर. हे चित्र स्वतःच्या डोळ्यांतून बघायचं, म्हणजे त्यात तुमचा चेहरा दिसता कामा नये. दुसरं चित्र बाहेरून बघायचं: ज्याला हा प्रसंग आता विशेष वाटत नाही असे तुम्ही, खांदे सैल, बोलताय, मध्ये एक शब्द अडतो आणि तुम्ही तसेच पुढे जाता. अडखळणं या चित्रात मुद्दाम ठेवा. अस्खलित बोलणारा हिरो उभा केलात तर मन त्याला मानत नाही.

आता पहिलं चित्र मोठं आणि उजळ ठेवा आणि दुसरं त्याच्या कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढं, अंधुक. एका झटक्यात, फार तर सेकंदभरात, लहान चित्र मोठं होऊन सगळं व्यापतं आणि पहिलं विझून जातं. डोळे उघडा, समोरच्या भिंतीकडे बघा, एक श्वास घ्या. पुन्हा पहिल्यापासून. असं पाच ते सात वेळा, दर वेळी जास्त वेगाने. मग मुद्दाम पहिलं चित्र आणून बघा: ते टिकत नसेल, फिकट येत असेल किंवा दुसरं आपोआप येत असेल तर जमलं.

जमलं नाही तर कारण बहुधा पुढच्या तिघांतलं असतं. मध्ये डोळे उघडले नाहीत, त्यामुळे दुसऱ्यावरून परत पहिल्यावर असं गोल फिरणंच पक्कं झालं. किंवा ठिणगीचं चित्र उशिराचं निवडलं, म्हणजे मान खाली गेल्यानंतरचं. किंवा दुसऱ्या चित्रात तुम्ही आतून बघत होता. तसं केलं की काम झाल्याचं समाधान आधीच मिळतं आणि ओढ राहत नाही. काहींना चित्रं दिसतच नाहीत. त्यांनी आवाजावर काम करावं: ते बोचरं वाक्य कुणाच्या आवाजात ऐकू येतं ते ओळखायचं, मग तोच मजकूर दादरच्या फलाटावरच्या उद्घोषणेच्या सुरात, लांबून, हळू होत जाताना ऐकायचा.

अँकर

एखाद्या स्पर्शाशी चांगली अवस्था जोडून ठेवायची, म्हणजे लागेल तेव्हा ती बोलावता येते. घंटा ऐकताच लाळ गळू लागणाऱ्या पावलोव्हच्या कुत्र्यांच्या प्रयोगाशी याचं जवळचं नातं आहे. तुम्ही सहज, खात्रीने बोललात असा खरा प्रसंग आठवा, मराठीत असला तरी चालेल. गणेशोत्सवात मंडळाची वर्गणी मागताना बोललात तो किंवा भावाच्या लग्नात केटररशी घासाघीस केलीत तो. आठवण पूर्ण भरात येण्याच्या जरा आधी डाव्या हाताच्या करंगळीच्या बुंध्याचा सांधा दाबा, पाच ते दहा सेकंद, आणि भावना उतरू लागण्याआधी सोडा. मध्ये लक्ष दुसरीकडे वळवा, सतराचा पाढा म्हणा. असं चार-पाच वेळा.

जागा अशी निवडा की तिथे एरवी हात लागत नाही. तळहात किंवा खांदा निवडला तर लोकलची कडी धरताना, बॅगेचा पट्टा सरकवताना तोच स्पर्श दिवसभर होत राहतो आणि अँकर बोथट होतो. नुसता दाबत राहिल्यानेही तो विरतो, म्हणून अधूनमधून चांगल्या आठवणीने पुन्हा भरावा लागतो.

अठ्ठेचाळीस तासांच्या आत

येत्या दोन दिवसांतली एक मीटिंग निवडा आणि त्यात बोलायचं एकच वाक्य ठरवा. मत नको, प्रश्न घ्या; प्रश्न विचारणाऱ्यावर सहसा कुणी हसत नाही. वाक्य इंग्रजीत लिहून मोठ्याने दहा वेळा म्हणा. जाण्याआधी कागदावर लिहा: काय होईल असं वाटतं, आणि भीती दहापैकी किती. बाहेर आल्यावर पंधरा मिनिटांत पुढची ओळ: प्रत्यक्षात काय झालं. ‘सगळे हसले’ नको. कोण, किती वेळ, काय म्हणालं ते लिहा.

ही दोन ओळींची नोंद मुळात एनएलपीची नाही, वर्तनोपचारातली आहे, आणि तिच्यात जोर आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की ‘मला जमेल’ या विश्वासाचा सर्वांत मजबूत आधार म्हणजे स्वतः करून पाहिल्याचा अनुभव. दर आठवड्याला पायरी एकाने वाढवा: प्रश्न, मग दोन वाक्यांची अपडेट, मग असहमती. एखादी मीटिंग फसली तर एक पायरी खाली येऊन तीच पुन्हा करा. थेट शून्यावर येऊ नका.

पुरावा, आणि पैसे

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने १९८८ च्या अहवालात एनएलपीच्या दाव्यांना पुरेसा आधार सापडत नसल्याचं म्हटलं. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यातही आरोग्याच्या तक्रारींवर त्याचा उपयोग होतो याचा पुरावा फार तोकडा निघाला. डोळे वर उजवीकडे गेले की माणूस खोटं बोलतो, हा एनएलपीवाल्यांचा दावा त्याच वर्षी प्रयोगाने तपासला गेला आणि टिकला नाही. वर दिखाऊ म्हटलं ते हेच. काही कोर्समध्ये यावर वेळ घालवतात.

जुना आघात, महिन्यांची उदासी, पॅनिक अटॅक, न थांबणारे विचार असतील तर हे व्यायाम करू नका. जगण्याची इच्छा उरली नसेल तर लगेच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर आणि सायनचं रुग्णालय, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत.

एनएलपीचं ‘मास्टर प्रॅक्टिशनर’ सर्टिफिकेट हा उपचार करण्याचा परवाना नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि ती विचारायला लाजू नका. अंधेरीच्या हॉटेलात शनिवार-रविवारचा कोर्स करायचाच असेल तर चार गोष्टी आधी विचाराव्यात: एका तुकडीत माणसं किती, प्रत्येकाला सरावाला वेळ किती, नंतर पाठपुरावा कोण करणार, आणि मध्येच सोडल्यास फी परत मिळेल का, शेवटचं उत्तर लेखी घ्यावं. मोफत डेमोच्या शेवटी ‘आजच भरलं तर निम्म्यात’ असं म्हणत फॉर्म वाटायला लागले, आणि ‘घरी विचारून सांगतो’ म्हटल्यावर ‘हीच तुमची लिमिटिंग बिलीफ’ असं ऐकवलं, तर कार्ड खिशातच ठेवून स्टेशन गाठावं.