परदेशात फिरताना घरच्या मतदारांना पर्यावरणासाठी कसं पटवायचं

घरी निवडणूक तोंडावर आलीय आणि तुम्ही नेमके बाहेरच्या देशात फिरताय, तिथली स्वच्छ नदी बघितली की पहिला मोह होतो तो फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचा आणि खाली लिहायचं "बघा, नाहीतर आपण". हे अजिबात करू नका. घरच्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की हा तिकडे मजा करतोय आणि वर आपल्याला नावं ठेवतोय, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं कोणी ऐकत नाही. शिवाय ते खरंही नाहीये. तिथली नदी तिथल्या लोकांच्या संस्कारांमुळे स्वच्छ झालेली नसते, कोणीतरी तसं आश्वासन दिलं, लोकांनी त्याला निवडून दिलं, मग पैसे मंजूर झाले आणि वर्षानुवर्षं काम चाललं, तेव्हा कुठे ती तशी दिसते. घरी पोचवायचं ते हे.

म्हणून काही आवडलं की फोटोआधी चौकशी करा, इथे पूर्वी काय होतं, ठरवलं कोणी, विरोध कोणाचा होता, खर्च कोणी केला. माहितीफलक वाचा, गाइडला विचारा, तिथल्या जुन्या दुकानदाराला विचारा, ही मंडळी भरभरून बोलतात. उदाहरणार्थ दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, चोंगेचोन नावाचा ओढा आहे, शहराच्या अगदी मधोमध, जवळजवळ ६ किलोमीटर. तो आधी काँक्रीटखाली गाडून टाकलेला होता आणि वरून उड्डाणपूल जात होता. २००२ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत ली म्युंग-बाक यांनी तो पूल पाडून ओढा मोकळा करायचं आश्वासन दिलं, ते निवडून आले, २००३ मध्ये काम सुरू झालं आणि २००५ मध्ये ओढा लोकांसाठी खुला झाला. आता यातली दुसरी बाजूही सांगायची, की त्यात वाहणारं बरंचसं पाणी पंपाने चढवून सोडलेलं असतं आणि तिथल्या व्यापाऱ्यांचा या कामाला मोठा विरोध होता. हे लपवलंत आणि नंतर कोणी शोधून काढलं तर तुमचं बाकीचं सगळं पाण्यात.

मेसेज कसा लिहायचा? माझ्या मते असा:

"मामा, सोलमध्ये एक ओढा बघितला, २००३ पर्यंत त्याच्यावर रस्ता होता. निवडणुकीत तो मुद्दा झाला, लोकांनी मत दिलं आणि ३ वर्षांत ओढा मोकळा झाला. आपल्या नदीत सांडपाणी सोडतात ना, त्याबद्दल आपल्या उमेदवारांपैकी कोण काय म्हणतंय? प्रचाराला आले की विचाराल का प्लीज?"

एवढंच. एक जागा, एक निवडणूक आणि घरचा एक प्रश्न. "पृथ्वी वाचवा" असं लिहिलं तर सगळे हात जोडल्याचा इमोजी टाकून मोकळे होतात, पण "आले की विचाराल का" याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. आणि हे ज्याच्या त्याच्या नावाने वेगळं लिहा, फॉरवर्ड नको, कारण सारखा फॉरवर्ड झालेला मेसेज व्हॉट्सॲप तसा दाखवतं आणि तो लोक न वाचताच पुढे जातात. शक्य असेल तर फोनच करा, फक्त घरी किती वाजलेत ते बघून.

फोटो टाकायचाच असेल तर घरचा टाका, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात निवडणुकीच्या तोंडावर टास्मानियातल्या फ्रँकलिन नदीचा, पीटर डोंब्रोव्स्किस यांनी काढलेला फोटो वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात म्हणून छापला गेला, धुक्यातली नदी आणि मधे झाडांनी भरलेला खडक. तिथे धरण होणार होतं. बहुतेक मतदारांनी ती नदी कधी पाहिलेलीही नव्हती. धरण थांबवू म्हणणारा पक्ष निवडून आला आणि जुलैमध्ये हायकोर्टानेही (तिकडे तेच सर्वोच्च न्यायालय) त्या पक्षाच्या नव्या केंद्र सरकारच्या बाजूने निकाल दिला, धरण झालं नाही. एका फोटोने निवडणूक फिरली असं मी म्हणणार नाही, पण लोकांना डोळ्यांसमोर दिसली ती त्यांच्याच देशातली, हातातून जाऊ शकणारी नदी. तेव्हा घरच्या कोणालातरी सांगा, आपल्या टेकडीचा किंवा तलावाचा आजचा फोटो काढून पाठव, आणि तोच सगळ्यांना दाखवा.

"तू विमानाने फिरतोस आणि आम्हाला शिकवतोस" हे ऐकावं लागणारच. चिडू नका. विमानाने प्रदूषण होतं हे सरळ मान्य करा आणि म्हणा की म्हणूनच नियम हवेत. फ्रान्सने २०२३ पासून अडीच तासांच्या आत ट्रेनने जाता येतं अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमानं बंद केली, मार्ग मोजकेच आहेत, पण हे एकेका प्रवाशाच्या मनावर सोडलं असतं तर झालं नसतं.

दोनतीन गोष्टी आधीच बघून ठेवा. बऱ्याच देशांत मतदानाच्या आधी ठरावीक वेळ प्रचार बंद असतो आणि काही ठिकाणी तो नियम सोशल मीडियालाही लागतो, त्यामुळे तुमचं बोलणं त्याच्या बऱ्याच आधी उरकायला हवं. तुमचं स्वतःचं मत बाहेरून देता येतं का, पोस्टाने की वकिलातीत, हे निघायच्या आधीच विचारा, काही देशांत ही सोयच नसते आणि मग परतीची तारीख बदलावी लागते. आणि ज्या देशात पाहुणे म्हणून गेलात तिथल्या प्रचारात किंवा मोर्चात उतरू नका, टुरिस्ट व्हिसावर ते अंगाशी येऊ शकतं.

निकाल लागला की ज्यांना मेसेज केला होता त्यांना परत फोन करा, कोणीही निवडून आलेलं असो, नदीचा तोच प्रश्न आता त्या माणसाला लेखी कसा द्यायचा ते सगळ्यांनी मिळून ठरवा.