समुद्रतळाच्या कोअरमध्ये ५.६ कोटी वर्षांपूर्वीची गरमी कशी ओळखायची

पेलिओसीन हा भूशास्त्रीय काळ संपून त्यापुढचा इओसीन सुरू होताना पृथ्वी साधारण ५-६ डिग्रीने तापली होती, त्याचा पुरावा बघायचा तर दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्व्हिस रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेवरच्या कोअरचे (तळात भोक पाडून काढलेल्या गाळाच्या लांब नळकांड्याचे) फोटो आधी काढा, पांढऱ्या चुनखडी गाळात मधेच लालसर मातीचा पट्टा दिसतो बघा, तोच. समुद्राची आम्लता वाढली नि चुना विरघळला म्हणून तो रंग.

आता गाळ पाण्यात भिजवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वाळवायचा आणि मायक्रोस्कोपखाली फोरॅमिनिफेराची, म्हणजे एकपेशीय सागरी जीवांची, कवचं निवडायची. इथे घाई नको हं! लाल पट्ट्यात कवचं नाहीत म्हणून प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे जीव) मेलं असं लगेच लिहू नका, बरीचशी नंतर विरघळलेली असतात. तळावर राहणाऱ्या जाती मात्र खरंच मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्या.

वर तरंगणाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि मला तीच जास्त भारी वाटते. पॅसिफिकच्या ॲलिसन गायोट या सपाट माथ्याच्या समुद्राखालच्या डोंगरावर मोरोझोव्हेला ॲलिसोनेन्सिस ही तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेराची जात सापडते, ही त्या गरमीपुरतीच आली आणि गेली. किनाऱ्याजवळचा गाळ असेल तर ॲपेक्टोडिनियम हे सूक्ष्म एकपेशीय प्लँक्टन शोधा, ते तेव्हा ध्रुवापर्यंत पसरलं होतं.

शेवटी कवचांतल्या कार्बनच्या आयसोटोपांचं (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण मोजून घ्या, त्यातला जड कार्बन-१३ धपकन घसरलेला दिसला की त्या गरमीच्या थराची जागा पक्की.