पहिला संशोधन प्रकल्प करताय? फील्डवर जाण्याआधी या चुका टाळा

जानेवारी उजाडला की विद्यार्थी हातात शंभर भरलेल्या प्रश्नावल्या घेऊन माझ्यासमोर येतात आणि विचारतात, "मॅडम, आता यांचं काय करायचं?" त्यांनी उन्हातान्हात फिरून मेहनत केलेली असते, म्हणून हा प्रश्न ऐकून मला वाईट वाटतं. मिळालेल्या माहितीचं काय करायचं, हे माहिती गोळा करण्याआधी ठरायला हवं होतं. लघुप्रबंधातल्या बहुतेक चुका फील्डवर होतच नाहीत. त्या फील्डवर जाण्याआधीच्या आठवड्यात, घाईत झालेल्या असतात.

सगळं एकाच उदाहरणावर बोलू. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकिटात पन्नास टक्के सवलत मिळू लागली. समजा, तुम्ही विषय घेतलात : 'महिला सन्मान योजनेचा ग्रामीण महिलांच्या प्रवासावर झालेला परिणाम'. विषय चांगला आहे, जवळचा आहे, तालुक्याच्या गावी बसून करता येण्यासारखा आहे. पण तो अजून विषयच आहे, प्रश्न झालेला नाही.

'परिणाम' हा शब्द जपून वापरा

परिणाम म्हटलं की आधीचं आणि नंतरचं, दोन्ही माहीत हवं. योजनेआधी त्या बाई महिन्यातून किती वेळा एसटीने जात होत्या, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. आज विचारलंत तर त्या आठवून सांगतील, आणि दोन-तीन वर्षांपूर्वीच्या फेऱ्यांची आठवण म्हणजे अंदाज. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. २०२० मध्ये टाळेबंदी होती. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तेव्हा 'आधी' म्हणून तुम्ही २०२१-२२ हे वर्ष धरलंत, तर नंतर फेऱ्या वाढलेल्या दिसणारच. त्या भाडं निम्मं झाल्यामुळे वाढल्या की गाड्या पुन्हा धावू लागल्यामुळे, हे तुमची प्रश्नावली सांगू शकत नाही. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली, असं होत नाही.

मग विषय सोडून द्यायचा का? मुळीच नाही. प्रश्न आवाक्यात आणायचा. 'अमुक तालुक्यातील तीन गावांतल्या महिला सवलतीचा उपयोग कोणकोणत्या कामांच्या प्रवासासाठी करतात?' याचं उत्तर आज, त्यांच्याकडूनच मिळू शकतं. बाजार, दवाखाना, माहेर, मजुरी, देवदर्शन, मुलीचं कॉलेज : एवढी वर्गवारी हाताशी असली की निम्मी प्रश्नावली तयार झाली. प्रश्न लिहून झाला की स्वतःला विचारा : हे कोणाला विचारलं तर खरं कळेल? नमुना, म्हणजे ज्यांना प्रत्यक्ष विचारणार ती माणसं, कुठून घ्यायचा, साधन कोणतं वापरायचं, कोणाची परवानगी लागेल, ही पुढची सगळी वाट तिथूनच फुटते.

स्टँडवर फक्त प्रवास करणाऱ्याच भेटतात

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. विद्यार्थी बसस्टँडवर जातात, बाकावर बसलेल्या साठ बायकांना विचारतात आणि लिहितात : 'शंभर टक्के ग्रामीण महिलांना योजनेचा लाभ होतो.' पण ज्या गावात एसटीच जात नाही तिथली बाई स्टँडवर नाही. जिला घरातून एकटीने जाऊ देत नाहीत, तीही नाही. सहा आसनी रिक्षाने जाणारी तर नाहीच. योजनेच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची माणसं नमुन्यातून आधीच गळलेली आहेत.

अमेरिकेत १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी सांगितलं की रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते बव्हंशी टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या नोंदीतून घेतले होते, आणि मंदीच्या काळात ज्यांच्या घरी फोन किंवा मोटार होती ते सगळ्या देशाचे प्रतिनिधी नव्हते. शिवाय परत पाठवण्याची तसदी घेणारे वेगळे आणि न घेणारे वेगळे. नमुना मोठा असून उपयोग झाला नाही.

याच जातीची दुसरी चूक यामानेच्या सूत्राची, म्हणजे नमुना किती जणांचा घ्यायचा ते काढण्याच्या सूत्राची. समग्रात, म्हणजे ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा त्या सगळ्यांत, १२०० महिला असतील, त्रुटीची मर्यादा पाच टक्के धरली, तर १२०० भागिले (१ + १२०० × ०.०५ × ०.०५), म्हणजेच १२०० भागिले ४, म्हणजे नमुना ३००. आकडा बरोबर आहे. पण हे सूत्र यादृच्छिक नमुन्यासाठी आहे : बाराशेची यादी हातात असेल आणि प्रत्येकीची निवड होण्याची संधी सारखी असेल, तरच. सूत्र लिहायचं यामानेचं आणि माणसं घ्यायची ओळखीची, हा मेळ बसत नाही. गावाची मतदारयादी घेऊन दर दहावं घर गाठता आलं तर उत्तम. ते जमत नसेल तर 'सोयीस्कर नमुना घेतला' असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही, फक्त मग 'ग्रामीण महिला' असा सरसकट शब्द निष्कर्षात येता कामा नये.

शब्दांची गल्लत

परिकल्पना म्हणजे जे तुम्ही तपासणार आहात ते विधान, गृहीतक म्हणजे जे न तपासता धरून चालला आहात ते. 'उत्तरदात्या खरी माहिती देतील' हे गृहीतक आहे, ते परिकल्पनेच्या यादीत घालू नका. परिमर्यादा तुम्ही स्वतः आखता (तीनच गावं), मर्यादा तुमच्या हाताबाहेरची असते (आठवणीवरची उत्तरं).

विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांत मात्र थांबायला हवं. 'तुम्ही स्वतंत्रपणे प्रवास करता का?' असा प्रश्न तुम्ही विचारलात. तुमच्या मनात अर्थ होता, जायचं की नाही हे त्या स्वतः ठरवतात का. बायकांनी अर्थ घेतला, सोबत कोणी असतं का. आठवड्याने पुन्हा विचारलंत तरी त्या तेच उत्तर देतील, म्हणजे प्रश्न विश्वसनीय आहे. पण तुम्हाला जे मोजायचं होतं ते तो मोजतच नाही, म्हणजे सप्रमाण नाही. म्हणूनच 'स्वतंत्र प्रवास' या शब्दाची कार्यात्मक व्याख्या, म्हणजे या अभ्यासात तो नेमका कशावरून मोजणार ते, पहिल्या प्रकरणात लागते, आणि ती शब्दकोशातून उतरवून चालत नाही.

प्रश्नांची भाषाही इथेच तपासा. 'योजनेमुळे तुमचा प्रवास स्वस्त आणि सुखकर झाला आहे ना?' यात प्रश्न दोन आहेत आणि त्या 'ना' मध्ये उत्तर आधीच दिलेलं आहे. प्रवास स्वस्त झाला पण गर्दीत उभं राहावं लागतं, असं म्हणणारी बाई खूण कुठे करणार?

छापण्याआधी आठ-दहा जणींकडून प्रश्नावली भरून घ्या. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंगालमधल्या तागाच्या क्षेत्राची मोजणी हाती घेतली, तेव्हा आधी छोट्या चाचणी पाहण्या केल्या आणि त्यांतल्या चुका शोधून मगच व्याप्ती वाढवली. पथदर्शी अभ्यासाच्या या दोन दिवसांना विद्यार्थी सगळ्यात आधी कात्री लावतात.

तिचा फोटो, तिचं घर, तिचं नाव

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. आजकाल फील्डवर गेल्याचा पुरावा म्हणून जीपीएस कॅमेऱ्याने काढलेले फोटो परिशिष्टात लावतात. एका अहवालात मी पाहिलं : उंबऱ्यात उभी असलेली बाई, खाली अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ. आतल्या पानावर 'पतीच्या परवानगीशिवाय प्रवास करता का' याची उत्तरं, आणि प्रश्नावलीवर तिचं नाव आणि मोबाइल नंबर. तो अहवाल ग्रंथालयात ठेवला जाणार होता. त्या मुलाच्या मनात काहीही वाईट नव्हतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

पुरावा हवा असेल तर तुमचा स्वतःचा फोटो स्टँडच्या फलकाशेजारी काढा. नावाऐवजी क्रमांक द्या. नंबर कशासाठी लागणार हे सांगता येत नसेल तर तो रकाना काढून टाका. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सोय चालू आहे का, ते पाठवण्याआधी बघा. ती चालू असताना 'माहिती गोपनीय राहील' असं वर लिहिणं म्हणजे समोरच्याला खोटं सांगणं.

संमती म्हणजे कागदावर अंगठा नव्हे. तुम्ही कोण, कोणत्या कॉलेजचे, माहिती कशासाठी, नको असेल तर मधेच थांबता येईल, आणि याचा योजनेच्या लाभाशी काही संबंध नाही, एवढं तिच्या भाषेत सांगा. शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. हातात फाइल आणि गळ्यात ओळखपत्र पाहून बायकांना वाटतं की सरकारी माणूस आला, नाही म्हटलं तर सवलत बंद होईल. अशा भीतीपोटी मिळालेला होकार संमती नव्हे. सासू किंवा नवरा शेजारी बसले असतील तर घरातले प्रश्न त्या दिवशी विचारू नका. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी पालकांची संमती घ्या, आणि शिवाय त्या मुलाची स्वतःची तयारीही विचारा.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास चालला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. तुमच्यावर उपचार चालू आहेत, असं त्यांना भासवलं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा प्रस्थापित उपचार झाल्यावरही तो त्यांना दिला नाही. त्यातूनच पुढे संशोधनातल्या नीतीवरचा १९७९ चा बेलमाँट अहवाल आला, आणि व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वं आज सगळीकडे शिकवली जातात. तुमच्या प्रश्नावलीने कोणाचा जीव जाणार नाही. पण ज्या बाईने आपल्या घरातली गोष्ट तुम्हाला सांगितली, तिच्याशी तुमचं नातं त्याच तत्त्वांचं आहे.

'दहा टक्के चालतं' हा गैरसमज

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांत, दुसऱ्याच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. याचा अर्थ दहा टक्के उतरवायची परवानगी आहे असा नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या प्रबंधातून साहित्याचा आढावा उचलणं, इंग्रजी लेखाचं मराठी करून स्वतःचं म्हणून देणं, दोन्ही वाङ्मयचौर्यच, सॉफ्टवेअरला सापडो न सापडो. चॅटजीपीटीने सुचवलेलं पुस्तक प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय संदर्भसूचीत घालू नका. अस्तित्वात नसलेली पुस्तकं अगदी खऱ्यासारखी लिहून येतात.

आणि हॉस्टेलच्या खोलीत बसून भरलेल्या प्रश्नावल्या ओळखू येतात. एकाच शाईचं पेन, एकही रकाना रिकामा नाही, ओळीने 'सहमत'. चाळीस खऱ्या आणा. मी शंभरचा आग्रह धरत नाही.

चूक आता लक्षात आली असेल तर

प्रश्न दुहेरी निघाला : त्याचं विश्लेषण करू नका, का वगळला ते एका ओळीत लिहा. नमुना स्टँडवरचाच आहे : शीर्षकात 'ग्रामीण महिला' च्या जागी 'एसटीने प्रवास करणाऱ्या महिला' करा आणि मार्गदर्शकांची मान्यता घ्या. आधीची माहिती नाही : 'परिणाम' काढून 'महिलांचे मत' लिहा. परिकल्पना सिद्ध झाली नाही : तसंच लिहा, आकडे हलवू नका. तो निष्कर्षच आहे.

संमती घेतली नसेल तर मात्र लिखाणात दुरुस्ती नाही. परत गावात जा, पुन्हा सांगा, विचारा. जी नको म्हणेल तिची प्रश्नावली बाजूला काढा आणि तिच्यासमोरच फाडा.