बाळाचं वरचं खाणं आणि अंगावरचं दूध तोडणं: घाई कुठे करायची नाही आणि उशीर कुठे करायचा नाही

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, वरचं खाणं सुरू करणं आणि दूध तोडणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत आणि दोन्हीत चांगलं वर्ष दीड वर्षाचं अंतर असू शकतं. आपल्याकडे बाळ चार घास खायला लागलं की लगेच सुरू होतं, आता कशाला पाजतेस, दुधात काही राहिलं नसेल, पोट भरत नसेल त्याचं. असं काही नसतं. सहा महिन्यांनंतरही वर्षभरापर्यंत बाळाची निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद आईच्या दुधातूनच येते, आणि पुढच्या वर्षातही जवळपास एक तृतीयांश. वरचं खाणं म्हणजे त्या दुधात घातलेली भर, दुधाच्या बदली नाही.

सुरुवात सहा महिने पूर्ण झाल्यावर. उष्टावण मुलींचं पाचव्यात करायची पद्धत असेल तर बोटाला खीर लावा, फोटो काढा, हौस करा, पण रोजचं खाणं सहा महिने भरल्यावरच. बाळ मान नीट धरतंय, टेकू दिला की बसतंय, आपल्या ताटाकडे बघून हात पुढे करतंय आणि चमचा तोंडात गेला की जिभेने बाहेर ढकलत नाहीये, हे दिसलं की समजा तयार आहे. पण सातवा महिना संपत आला तरी नुसत्या दुधावर ठेवणंही बरोबर नाही, कारण जन्मताना बाळाच्या अंगात जो लोहाचा साठा असतो तो साधारण सहाव्या महिन्यापर्यंत संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती, डाळीचं पाणी. भाताची निवळ, डाळीचं वरचं पाणी, भाज्यांचं गाळलेलं सूप, सगळ्या घरांत हेच. माझ्या लेकीला मी तब्बल दोन महिने हेच दिलं, वाटी वाटी प्यायची, सगळे म्हणायचे किती छान खाते, आणि वजनाचा काटा सातव्या महिन्यात जिथे होता तिथेच आठव्यात. बाळाचं पोट इवलंसं, ते पाण्याने भरलं की त्यात जेवण जाणार कुठून? आणि वर दूधही कमी प्यायलं जातं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. डॉक्टरांनी मला समोर बसवून चमचा तिरका करून दाखवला, म्हणाले यावरून पटकन ओघळलं तर ते पाणी, हळूहळू सरकलं किंवा चिकटून राहिलं तर ते जेवण. तेव्हापासून मी रोज ओट्यापाशी उभी राहून चमचा तिरका करून बघायचे आणि महिन्याभरात काटा हलला. तुम्हीही एवढी एक सवय लावून घ्या.

पहिल्या आठवड्यात काय द्यायचं तर फार विचार नको. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर खमंग भाजून मिक्सरवर बारीक रवाळ भरड काढून ठेवा, डबाभर होते, आठ-दहा दिवस जाते. दोन चमचे भरड वाटीभर पाण्यात कालवून सतत ढवळत सात-आठ मिनिटं शिजवा, खाली लागू देऊ नका, उतरवल्यावर अर्धा चमचा साजूक तूप. पहिल्या दिवशी दोन-तीन छोटे चमचे गेले तरी पुष्कळ, दिवसातून दोनदा. नाहीतर सरळ आपल्या कुकरातला गुरगुट्या भात आणि मीठ-तिखट घालायच्या आधी बाजूला काढलेलं घट्ट वरण, बोटाने चुरडून. मिक्सरमधून अगदी पेस्ट करायची गरज नाही, रोज पेस्टच खाल्ली तर मग दहाव्या महिन्यात पोळीचा तुकडा दिला की ओकारी काढतात.

नाचणीसत्त्वाबद्दल थोडं जास्त सांगते कारण ते खरंच सोनं आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, कुठल्याच तांदूळ-गव्हात एवढं नाही. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायचे, हलकं भाजून दळायचं आणि पातळ कपड्याने चाळायचं. मोड आणणं टाळू नका. मोड आले की धान्यातल्या पिष्टाचं आपोआप थोडं पचन सुरू होतं, त्यामुळे पेज गोंदासारखी होत नाही, म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि बाळाला गिळायलाही सोपं, शिवाय लोह अंगी लागायला मदत होते. आज्या हे न शिकता करत होत्या. गूळ-साखर मात्र नको, दोन वर्षांपर्यंत वरून साखर नाहीच, मीठ वर्षभर नाही. आपल्याला अळणी लागतं, बाळाला लागत नाही, त्याने अजून दुसरी चव बघितलेलीच नाहीये.

आठवड्या-दोन आठवड्यांत मग एकेक वाढवत जा, उकडलेला भोपळा, रताळं, गाजर, केळं, चिकू, पिकलेली पपई. नवीन पदार्थ दिला की दोन-तीन दिवस तोच ठेवा म्हणजे अंगावर पुरळ किंवा जुलाब झाले तर कशाने ते कळतं. अंडं नीट उकडून, मासा काटा काढून, चिकनचा खिमा मऊ शिजवून, तुमच्या घरी चालत असेल तर सहा महिन्यांनंतर लगेच द्या, वर्ष व्हायची वाट बघू नका, लोहासाठी यासारखं काही नाही. शाकाहारी घरात डाळी, मोडाची मटकी-मूग शिजवून कुस्करून, पालक-चाकवत, आणि वर दोन थेंब लिंबू, लिंबाने त्यातलं लोह जास्त शोषलं जातं. शेंगदाणा अख्खा अजिबात नको पण बारीक कूट पेजेत मिसळून चालतो. घरात कुणाला दाण्याची अॅलर्जी असेल किंवा बाळाला खूप एक्झिमा (त्वचेवर कोरडे, खाजरे चट्टे) असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लोहाचं औषध सरकारी योजनेत आशाताई देतात, तेही विचारून घ्या.

मध वर्षाच्या आत चाटवू सुद्धा नका, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो, बाळघुटीत सुद्धा नको. गाईचं दूध खिरीत थोडं चालेल पण वाटीने प्यायला वर्षानंतर. आणि चहात बुडवलेलं बिस्किट, प्लीज नको, ते दिलं की पोट भरतं आणि पोषण शून्य. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं बरं, धुवायला सोपं, जुलाबाची भीती कमी. डबाबंद दुधाच्या आणि बाळअन्नाच्या जाहिरातींना आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक केला, यावरूनच समजा की हा विषय किती नाजूक आहे.

किती वेळा? सहा ते आठ महिने दिवसातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा आणि मधे एखादं फळ वगैरे. मोबाईल दाखवून भरवू नका, तोंड फिरवलं की थांबा. खाताना ओकारी काढून खोकलं, तोंड लाल झालं तर घाबरू नका, ते घास स्वतःच पुढे आणतंय. पण आवाजच बंद झाला, रडता येईना, ओठ निळे पडायला लागले तर घास अडकलाय. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर लगेच हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधे तळव्याने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळव्याच्या टाचेने पाच दाब, आणि कुणाला तरी 108 लावायला सांगा. हे घरातल्या प्रत्येकाला आधीच शिकवून ठेवा.

आता दूध तोडणं. दोन वर्षं आणि पुढेही पाजायला हरकत नाही असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामुळे लोक काय म्हणतात म्हणून नाही तर तुम्हाला आणि बाळाला जमेल तेव्हा. वर्षाच्या आत बंद करावंच लागलं तर बदली कुठलं दूध ते डॉक्टरांना विचारून. बाळ आजारी आहे, दात येतायत, पाळणाघर नुकतंच सुरू झालंय, अशा वेळी हे काम काढू नका.

एकदम नाही, एकेक वेळ कमी करत जायची. सगळ्यात आधी दुपारची, जी नुसती सवयीची असते ती, त्या वेळी खायला देऊन बाहेर घेऊन जा. चार-पाच दिवस गेले की पुढची. आपणहून द्यायचं नाही, फार हट्टाने मागितलं तर नाही म्हणायचं नाही. झोपतानाचं आणि रात्रीचं सगळ्यात शेवटी. कडुलिंब, कोरफड, मिरची लावणं मला पटत नाही, मिरचीने तर त्याचं तोंड आणि डोळे भाजतात, आणि ज्या जागी त्याला सगळ्यात सुरक्षित वाटतं तिथेच त्याला घाबरवायचं कशाला?

माझी लेक बावीस महिन्यांची होती. आधी दहा दिवस तिला सांगत होते, आता दूदू झोपलं, आपण पण झोपू. रात्री बाबा शेजारी झोपायचा, मी दुसऱ्या कडेला, उशाशी पाण्याचा पेला. पहिल्या रात्री चाळीस मिनिटं रडली, बाबाने खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. चौथ्या रात्री उठली, गाऊनच्या गळ्यात हात घातला, नुसता ठेवला आणि तशीच झोपली. मला झोप आली नाही त्या रात्री.

तुमच्या स्वतःकडेही बघा. छाती दगडासारखी झाली तर आराम पडेल इतकंच हाताने काढा, पूर्ण रिकामी केली तर आणखी दूध येतं. गार पाण्याची पट्टी ठेवा, घट्ट बांधू नका, दूध आटवायच्या गोळ्या मनाने घेऊ नका. एका जागी लाल होऊन ठणकायला लागलं आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि त्या काळात त्या बाजूचं दूध एकदम बंद करायचं नाही. काही दिवस उगाच रडू येतं, चिडचिड होते, हार्मोन्स खाली येतात त्याने होतं. महिनाभर राहिलं तर घरात सांगा, डॉक्टरांनाही सांगा. आणि महिनाभराने दाबल्यावर दोन थेंब दूध दिसलं तरी घाबरायचं नाही, ते पूर्ण आटायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.